गाइड मिटव आणि ‘काहून’ विचार

या आठवड्याचं पत्र यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलं आहे. लिहिणारी मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचं पत्र थोडं कापून देतो:

‘सर, माझा धाकटा भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला आहे. त्याला एनएमएमएसला (आठवीतल्या मुलांची शिष्यवृत्तीची परीक्षा) बसवलं आहे. परीक्षेला दीड-दोन महिने उरले. गणित त्याचं बरं आहे, पण विज्ञानात गाडी फसते. गाइडमधली प्रश्नोत्तरं घडाघडा म्हणतो आणि प्रश्न जरा फिरवून विचारला की गप्प. मी दहावीनंतर विज्ञान सोडलं, मलाच आता काही आठवत नाही. गावात क्लास नाही. शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी तो आईसोबत कापूस वेचायला जातो. संध्याकाळी लाइन नसते. परवा मला म्हणे, “वेचाचा तं कापूसच हाय, मंग पेशी शिकून काय करू?” मला काही बोलता आलं नाही. त्याची उजळणी मी कशी घेऊ?’

बेटा,

आधी भावाच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण ते त्याच्या कमरेला बांधलेल्या ओटीतच आहे. वेचलेल्या कापसातली एक सरकी घ्या, रुईसकट. बोटांनी रुई दोन्ही बाजूंना विंचरा, जशी तू वेणी घालण्याआधी केस विंचरतेस तशी. मग त्यातला एकच तंतू हलक्या हाताने उपटा आणि पाटीवर ठेवून पट्टीने मोजा. अडीच-तीन सेंटीमीटरच्या आसपास भरेल. आता त्याला सांग, की हा सबंध तंतू म्हणजे एकच पेशी आहे. सरकीच्या सालीवरची एकेक पेशी लांब वाढत जाते, आपल्या जाडीच्या हजारपटीहून जास्त लांब. बोंड फुटेपर्यंत तिच्या आतलं जिवंत द्रव्य सुकून जातं आणि उरते ती पेशीभित्तिका, जवळजवळ निव्वळ सेल्युलोजची. ‘वनस्पतीपेशीला पेशीभित्तिका असते, प्राणीपेशीला नसते’ हे वाक्य त्याने गाइडात पाठ केलं असेल. तीच भित्तिका तो वेचतो, जिनिंगवाला तिचे गठाण बांधतो आणि आपण ती अंगावर घालतो. पेशी पाहायला सूक्ष्मदर्शकच लागतो, असं आपण पोरांना सांगत आलो. कापूस पिकवणाऱ्या मुलखात तरी हे सांगताना आम्हा मास्तरांनी थोडं थांबायला पाहिजे होतं.

आता तुझा प्रश्न. तुला वाटतं, मला विज्ञान येत नाही म्हणून मी कशी शिकवू. बाई, तुला शिकवायचंच नाही. शिकवून झालं आहे शाळेत. तुला विचारायचं आहे, आणि विचारायला न येणारा माणूसच चांगला. ज्याला येतं तो पोराचं वाक्य अर्ध्यावर तोडून पुरं करतो. ही खोड मला चांगली ठाऊक आहे, माझीच होती.

माझी फजिती सांगतो. वर्गात तपासणीला साहेब आले होते. पहिल्या बाकावरच्या पोट्ट्याला त्यांनी विचारलं, बाष्पीभवन म्हणजे काय? त्याने खाडकन व्याख्या म्हटली, स्वल्पविरामासकट. माझी छाती फुगली. साहेबांनी कोपऱ्यातल्या माठाकडे बोट दाखवलं, ‘याच्यातलं पाणी गार काहून लागते?’ पोट्टा म्हणाला, ‘मातीचा हाय म्हणून.’ साहेब म्हणाले, ‘अन् मायनं स्टीलच्या गुंडाला ओलं पोतं गुंडाळलं, तं त्यातलंही गार होते. ते काहून?’ पोरगा माझ्याकडे बघायला लागला आणि मी छताकडे. तोवर माझ्या वर्गात व्याख्या पाठ होत, तपासल्या जात, गुण मिळत. ‘काहून’, म्हणजे ‘का’, हा शब्द मात्र मी कधी विचारलेला नव्हता.

म्हणून तुझ्या उजळणीचं एकच अवजार सांगतो: काहून. पद्धत अशी. पुस्तक तुझ्या हातात उघडं, त्याच्यासमोर बंद. गाइड नको, शाळेचं पुस्तक. तो एक मुद्दा आपल्या बोलीत सांगेल. तू त्या ओळीवर बोट ठेवून ऐकायचं. तो अडखळला तर पहिला शब्द सुचवू नकोस, मनात दहापर्यंत मोज. तेवढ्यात आठवलं तर आठवलं, नाहीतर त्या ओळीसमोर समासात पेन्सिलीने टिंब दे आणि पुढे जा. मुद्दा बरोबर सांगितला की विचार, ‘काहून?’ त्याचं उत्तर आलं की त्या उत्तरावरही, ‘हे काहून?’ दुसऱ्या-तिसऱ्या काहूनला दोघंही अडकाल. मग दोघांनी मिळून पुस्तकात शोधायचं. पुढच्या वेळी सगळा धडा घ्यायचा नाही, फक्त टिंबं घ्यायची. टिंबावरचं बरोबर आलं की खोडून टाक. पोरांना टिंब खोडण्यात भारी मजा येते, हा माझा अनुभव आहे.

धडा पुन्हापुन्हा वाचला की तो ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचा वाटला की आपल्याला येतो असं वाटतं. बाजारात रोज दिसणाऱ्या माणसाचं नाव विचारलं तर सांगता येत नाही, तसलंच हे. पुस्तक बंद करून आठवायला लागलं की खरं काय ते कळतं. विसरणं किती लवकर होतं, हे हर्मन एबिंगहाउस या जर्मन माणसाने स्वतःलाच निरर्थक अक्षरं पाठ करायला लावून मोजलं होतं आणि १८८५ मध्ये छापलं होतं. पहिल्या एक-दोन दिवसांतच बरंचसं निसटतं आणि पुढे निसटण्याचा वेग कमी होतो. म्हणून आज घेतलेला धडा उद्या पाच मिनिटं, मग चौथ्या दिवशी, मग दहाव्या-बाराव्या दिवशी. एका रविवारी बसून पाच धडे उपसण्यापेक्षा हे हलकं जातं आणि टिकतं.

लाइन नसते म्हणतेस ना? त्या वेळी तोंडी घे. अंधारात पुस्तक दिसतच नाही, चोरून बघायची सोय नाही. वावरातही तसंच. वेचणीची एक ओळ धरली की एक विषय: ही ओळ रक्ताची, पुढची पचनाची. आईलाही सांग अधूनमधून ‘काहून रे?’ म्हणायला. त्यांना उत्तर ठाऊक असायची गरज नाही.

पण विज्ञानाच्या तिन्ही शाखांना एकच औषध लागू पडत नाही.

जीवशास्त्र हे काढून दाखवायचं शास्त्र आहे. हृदय, पेशी, पचनसंस्था, फूल, या आकृत्या पाहून उतरवण्यात पोरं तासन्‌तास घालवतात आणि हाती काही लागत नाही, कारण त्या वेळी डोळे काम करतात आणि डोकं झोपतं. आकृती दोन मिनिटं बघायची, पुस्तक उलटं ठेवायचं आणि अंगणात कोळशाने काढायची. वाकडी आली तरी चालेल. मग ताडून बघायची. हृदयाच्या आकृतीत हमखास होणारी चूक म्हणजे डावं-उजवं. हृदयाची डावी बाजू कागदावर आपल्या उजव्या हाताला येते, कारण समोर उभ्या असलेल्या माणसाचं हृदय आपण काढतो. भावाला समोर उभं कर आणि त्याचा डावा हात तुझ्या कोणत्या बाजूला येतो ते दाखव. एवढं केलं की ऑक्सिजनयुक्त रक्त डावीकडे आणि ऑक्सिजन कमी असलेलं उजवीकडे हे पाठ करावं लागत नाही. रक्ताच्या धड्यात लाल पेशी येतात, तिथे सिकलसेलचं नाव काढ. आपल्या विदर्भात, विशेषतः पूर्वेकडच्या जिल्ह्यांत, हा आजार घराघरात ऐकलेला आहे. त्यात लाल पेशी विळ्यासारखी वाकते. नेहमीची पेशी गोल आणि मधे दबलेली असते, ती बारीक केशवाहिनीतून सहज जाते. विळा झालेली अडकते. रचना आणि काम यांचा संबंध याहून चांगला कुठे सापडेल?

सूक्ष्मजीवांसाठी तुरीचं किंवा हरभऱ्याचं एखादं झाड मुळासकट अलगद उपटा. मुळांवर गाठी असतील. एखादी गाठ नखाने फोडा. आत गुलाबी दिसली तर रायझोबिअम जीवाणू कामाला लागलेले आहेत, हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात आणत आहेत. तुरीनंतरचं पीक चांगलं येतं, हे तुमच्या वडलांना ठाऊक आहे. त्यांनाच विचार ‘काहून’, आणि मग पोराला त्यांना समजावून सांगू दे. वर्गीकरणासाठी भेंडीचं फूल, जास्वंद, अंबाडी आणि पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, फूल शेजारी ठेवा. चौघांतही पुंकेसर एकत्र जुळून मधे नळी झालेली दिसेल. एकाच कुळातली आहेत ही.

रसायनशास्त्रात पोरं दोन ठिकाणी बुडतात: संयुजा (अणूला दुसऱ्या अणूंशी जुळायला किती हात आहेत ते) आणि समीकरण. इथे वाचून काही होत नाही, हातात दाणे लागतात. तुरीचा दाणा म्हणजे हायड्रोजनचा अणू, सरकी म्हणजे ऑक्सिजनचा. पाणी तयार करायला सांग. हायड्रोजन वायूच्या रूपात जोडीने असतो, म्हणून तुरीचे दोन दाणे एकत्र. ऑक्सिजनही जोडीने, म्हणून दोन सरक्या एकत्र. पाण्याच्या एका रेणूत दोन तुरी आणि एक सरकी. आता एक जोडी तूर आणि एक जोडी सरकी घेऊन बनवायला बसला, की एक पाणी तयार होईल आणि एक सरकी उरेल. उरलेली सरकी फेकता येत नाही, निसर्गात काही फेकलं जात नाही. ‘मंग काय करशील?’ तो आपोआप अजून एक जोडी तूर आणेल. झालं समीकरण संतुलित: हायड्रोजनचे दोन रेणू, ऑक्सिजनचा एक, पाण्याचे दोन. रेणूच्या आतला आकडा बदलायचा नाही, रेणूच वाढवायचे, हा नियम त्याला सांगावा लागणार नाही, त्याच्या बोटांनाच कळेल. संयुजेचंही तसंच. अ‍ॅल्युमिनिअमला तीन हात, ऑक्सिजनला दोन. एकही हात रिकामा राहता कामा नये. दोन अ‍ॅल्युमिनिअमचे सहा हात, तीन ऑक्सिजनचे सहा हात. पहिल्या वीस मूलद्रव्यांची नावं, खुणा आणि संयुजा मात्र पाठच करावी लागतात, त्याला माझ्याकडेही पळवाट नाही. पाढ्यांसारखी रोज सकाळी दात घासताना म्हणायची.

आम्ल-आम्लारीसाठी स्वयंपाकघर पुरतं. पांढऱ्या चिंधीवर ओली हळद चोळून वाळवा. साबणाचं पाणी, धुण्याचा सोडा, राखेचं पाणी यांचा थेंब टाकला की लाल डाग उमटतो. त्यावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. इथे एक खोच आहे आणि ती परीक्षेत येते. हळदीवर लिंबू टाकलं तरी पिवळं, साधं पाणी टाकलं तरी पिवळं. म्हणजे हळद आम्लारी ओळखते, पण आम्ल आणि उदासीन यांत फरक करू शकत नाही. त्यासाठी जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून ते पाणी घ्या: आम्लात गडद गुलाबी, आम्लारीत हिरवट. बुलढाण्याच्या लोणार सरोवराचं पाणी कोणता रंग देईल, हे त्याला विचार. ते पाणी खारं आणि आम्लारीधर्मी आहे. आणि चुन्याची निवळी करायची असेल तर पानाचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवा, वरचं नितळ पाणी घ्या, पपईच्या पानाच्या पोकळ देठातून त्यात फुंका. पांढुरकं होईल. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कॅल्शिअम कार्बोनेट तयार होतं. फक्त फुंकायचं, ओढायचं नाही, आणि चुना डोळ्यांपासून लांब.

याच ओघात एक धाक घालून ठेव: प्रयोगाला फवारणीच्या औषधाची बाटली, डबा, झाकण काहीही वापरायचं नाही, कितीही धुतलेलं असो. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन काय झालं, ते तुमच्या गावातही कुणी विसरलं नसेल.

भौतिकशास्त्राला आपण सूत्रांचं शास्त्र समजतो, पण आठवीपर्यंत ते एककांचं शास्त्र आहे. पोराचं सूत्र बरोबर असतं आणि उत्तर चुकतं, ते एककात. एक उदाहरण पुरं करून दाखवतो, त्याला असंच मोठ्याने करायला लाव. आई डोक्यावर पाण्याचा गुंड आणतात, १५ किलोचा. चुंबळ काहून ठेवतात? आपण म्हणतो ‘वजन १५ किलो’, पण विज्ञानात ते वस्तुमान. वजन म्हणजे बल, १५ गुणिले ९.८, म्हणजे १४७ न्यूटन. चुंबळ नसेल तर समजा गुंडाचा तळ डोक्याला ३० चौरस सेंटीमीटरवर टेकतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, पण क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये पाहिजे. इथेच पोरं १०० ने भागतात. एका चौरस मीटरमध्ये १०० गुणिले १००, म्हणजे १०,००० चौरस सेंटीमीटर असतात. म्हणून ०.००३ चौरस मीटर, आणि दाब ४९,००० पास्कल. आता चुंबळ ठेवली आणि टेकण्याची जागा १२० चौरस सेंटीमीटर झाली, तर दाब १२,२५० पास्कल. जागा चौपट, दाब पाव. गुंड तेवढाच, पाणी तेवढंच. हे एकदा केलं की सुई टोकदार काहून, ट्रॅक्टरची चाकं रुंद काहून, सगळं त्याच ओळीत बसतं.

आणि माठाच्या प्रश्नाचा पुढचा भाग कूलर. मे महिन्यात आपला कूलर खोली गार करतो आणि जुलैत तोच कूलर अंगाला चिकटा आणतो. काहून? उन्हाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी ठणठणीत असते, पाण्याचं बाष्प झपाट्याने होतं आणि त्याला लागणारी उष्णता ते हवेतूनच घेतं. पावसाळ्यात हवेत आधीच बाष्प भरलेलं, बाष्पीभवन मंदावतं. हे उत्तर त्याने स्वतःच्या तोंडाने, न अडखळता दिलं, तर उष्णतेचा धडा त्याला आला असं समज.

ताऱ्यांचा आणि आपत्ती व्यवस्थापनाचा धडा गोष्टीसारखा दोनदा वाचला तरी भागतं. तिथे दिवस घालवू नका.

परीक्षेचं थोडं सांगतो. दोन पेपर असतात, बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता, प्रत्येकी ९० प्रश्न आणि ९० मिनिटं. शालेय पेपरात विज्ञानाचे ३५, त्यात भौतिकशास्त्राचे ११, रसायनशास्त्राचे ११ आणि जीवशास्त्राचे १३. सातवी आणि आठवी, दोन्हींचा अभ्यासक्रम, म्हणून सातवीचं पुस्तक कुणाला देऊन टाकलं असेल तर आजच परत आण. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. तुमच्या घरात त्याची किंमत काय, ते मी सांगायला नको. विज्ञानापायी बौद्धिक क्षमतेचा पेपर मागे पाडू नका, त्याचेही तितकेच प्रश्न आहेत.

जुनी प्रश्नपत्रिका शाळेत मागा, मिळते. ती सोडवून झाली की गुण मोजून वही मिटायची नाही. प्रत्येक प्रश्नाचे चार पर्याय असतात. बरोबर पर्याय सापडल्यावर उरलेले तीन काहून चुकीचे, हे त्याने सांगायचं. एका प्रश्नातून चार प्रश्नांची उजळणी होते. प्रश्न फिरवून आला की तो गप्प होतो ना, त्याची ही दवा आहे.

रोज किती? सकाळी शाळेआधी अर्धा तास टिंबं, संध्याकाळी अर्धा तास नवा धडा तोंडी. वेचणीच्या दिवशी फक्त वावरातली तोंडी. रात्री ओलिताला वडलांसोबत जाऊन जागला असेल, तर दुसऱ्या दिवशी काही घेऊ नकोस, झोपू दे. पहिले आठ दिवस तो चिडेल, कारण त्याला वाटतं ते सगळं येतं आणि तू टिंबांवर टिंबं देतेस. दे. नवव्या-दहाव्या दिवशी तोच तुला उलट ‘काहून’ विचारायला लागेल, आणि तुला उत्तर येणार नाही. तेव्हा लाजू नकोस, पुस्तक उघड.

रविवारी वेचणीला जाताना पट्टी न्यायला विसरू नका. वेगवेगळ्या बोंडांतल्या दहा तंतूंची लांबी मोजा, सरासरी काढा आणि मला कळव. आमच्या वावरातल्या तंतूंची काल २८ मिलिमीटर भरली.